भुईमुगाचं बी वर्षभरच टिकतं, हे खरं नाही

बियाणं जपणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: 'भुईमूग तेलबी आहे. तेल खवटलं की बी मेलं, म्हणून ते वर्षापलीकडे टिकत नाही. जास्त वाळवलं तर मरतं, फ्रीजरमध्ये गोठून मरतं. ते शेंगेतच ठेवा आणि दरवर्षी पेरा, दुसरा उपाय नाही.' हे वाचून कुणी एखादा जुना वाण साठवायचा विचार सोडला, तर तो वाण पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून गप्प बसवत नाही.

वर्षापलीकडे टिकत नाही? दमट, उबदार खोलीत पोत्यात ठेवलेलं बी वर्षाच्या आत उगवेनासं होतं, हा अनेकांचा अनुभव आहे आणि तो खोटा नाही. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. आंबा, फणस, कोको यांचं बी वाळवलं की मरतं. भुईमूग त्या गटातला नाही, तो वाळवून थंडीत ठेवता येणाऱ्यांतला आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत, म्हणजे बियांचे नमुने जपणाऱ्या साठ्यात, भुईमुगाचे १५ हजारांहून अधिक नमुने जपलेले आहेत आणि तिथला दीर्घ मुदतीचा साठा उणे २० अंश सेल्सिअसला असतो.

आता तेलाचा मुद्दा. सगळा घोळ इथेच आहे. तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे खवटतं हे बरोबर, आणि भुईमूग तृणधान्यांपेक्षा लवकर म्हातारा होतो हेही बरोबर. पण तेलाचा खरा परिणाम वेगळाच आहे. तेलात पाणी मुरत नाही. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, म्हणजे सगळा ओलावा उरलेल्या निम्म्या भागात बसतो. १०० ग्रॅम दाण्यांत ७ ग्रॅम पाणी आणि ४८ ग्रॅम तेल असेल, तर तेल वगळून उरलेल्या ५२ ग्रॅममध्ये ते पाणी साडेतेरा टक्के भरतं. धान्याच्या हिशेबाने ७ टक्के म्हणजे खडखडीत कोरडं. भुईमुगात तोच आकडा ओलसरपणाचा. धान्याचा मापदंड लावून दाणे 'वाळले' म्हणून बरणीत भरले जातात, आणि ते मेले की दोष तेलाला. बियांच्या साठवणुकीतला एक जुना ठोकताळा आहे: साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान ओलावा १ टक्क्याने उतरला की आयुष्य सुमारे दुप्पट होतं, तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तसंच. तेव्हा तेलबी आहे म्हणून हात टेकायचे नसतात, उलट आणखी वाळवायचं असतं.

मग 'जास्त वाळवलं की मरतं' हा समज कुठून आला? बहुतेक वेळा मारतं ते ऊन. तापलेल्या पत्र्यावर किंवा फरशीवर पसरलेले दाणे उष्णतेने खराब होतात, त्यांची पातळ साल फाटते, दाण्याच्या दोन पाकळ्या सुट्या होतात आणि टोकाचा कोंब दुखावतो. जनुकपेढ्या सुमारे १५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत सावकाश वाळवतात. तशी खोली नसेल तर हवाबंद बरणीत दाण्यांच्या वजनाइतकं सिलिका जेल (ओलावा शोषणारे, ओले झाले की रंग बदलणारे खडे) जाळीच्या पिशवीत घालून ठेवावं आणि रंग बदलला की जेल बदलावं.

गोठून मरतं ते ओलं बी. पाण्याचे स्फटिक पेशी फाडतात. नीट वाळलेल्या दाण्यात गोठण्याजोगं मोकळं पाणीच उरलेलं नसतं. नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवरची बियाणे तिजोरी २००८ पासून उणे १८ अंशांवर चालते, ती याच आधारावर. मात्र फ्रीजरमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर हवेतला ओलावा थंड दाण्यांवर दव होऊन बसतो.

शेंगेबद्दल संदेश निम्मा बरोबर आहे. घरच्या तापमानात टरफल दाण्याला मार लागू देत नाही. पण आत भुंगेरा आहे की बुरशी, ते दिसत नाही आणि जागाही फार जाते. वर्षानुवर्षं ठेवायचं बी हाताने फोडून, निवडूनच भरावं असं माझं मत आहे.

दरवर्षी पेरणं चांगलंच, पण त्याच्याच भरवशावर राहिलं तर एक वाईट हंगाम पुरतो.

आणि फ्रीजरमधलं बी उगवलं नाही म्हणून ते मेलं, असंही लगेच ठरवू नका. पसऱ्या वाणांना मुळात सुप्तावस्था असते, म्हणजे बी जिवंत असूनही काही काळ उगवत नाही. शिवाय अतिकोरडा दाणा थेट पाण्यात टाकला, तर तो इतक्या झपाट्याने पाणी ओढतो की आतल्या पेशी फुटतात. पेरण्याआधी दाणे बंद डब्यात, तळाच्या पाण्याला न टेकता, जाळीवर एखादा दिवस ठेवावेत. हवेतून हळूहळू ओलावा घेऊ द्यावा आणि मगच मातीत टाकावेत.