सदाफुली, यू आणि ‘भाबडी’ लेखिका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

नाव दिलेलं नाहीत, ‘एक कर्करोगतज्ज्ञ’ एवढंच लिहिलंत, म्हणून डॉक्टर म्हणते. ज्यांनी प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वनस्पतींपासून मिळालेल्या कर्करोगाच्या औषधांवरचा माझा लेख तुम्हाला ‘धोकादायक’ वाटला, कारण असलं वाचून पेशंट केमो सोडतात आणि काढ्यांच्या मागे लागतात. शीर्षक भडक आहे. हळदीबद्दल मी सोयीस्कर मौन पाळलं. आणि शेवटी हे रत्न : ‘औषध प्रयोगशाळेत घडतं, त्याचं श्रेय झाडाला देणं हा रसायनशास्त्राचा गंधही नसलेल्या माणसाचा भाबडेपणा आहे.’

शीर्षक भडक होतं, मान्य. ‘अंगणातली संजीवनी’ काढून टाकलं आहे. झालं समाधान?

आता गंधाचं. एम.एस्सी.नंतर मी वनस्पतिरसायनाच्या प्रयोगशाळेत काम केलंय आणि माझ्या ओढण्यांना मिथेनॉलचाच गंध यायचा. वाळलेली पानं दळायची, भिजत घालायची, गाळून आटवायची. मग तो काळपट हिरवा चिकटा सिलिकाच्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या पावडरीच्या नळीवर) चढवायचा आणि थेंब थेंब खाली उतरताना परीक्षानळ्या बदलत बसायचं. इतकं करून बाटलीच्या तळाशी जे उरतं ते दिसेल न दिसेल एवढंच. तुम्ही वॉर्डातले तज्ज्ञ असाल, पण कृपा करून हे काम मला शिकवू नका.

झाडाचं श्रेय म्हणता? कर्करोगाचं पॅक्लिटॅक्सेल हे औषध घ्या. पॅसिफिक यू या झाडाची साल 1962 मध्ये गोळा झाली. वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातल्या रेणूची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध केली. तरी तो पेशीत नेमकं काय करतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 1979 मध्ये औषधशास्त्रज्ञ सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवलं तेव्हा सगळे चकित झाले. तोवरची या जातीची औषधं पेशी-विभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्मनलिका, म्हणजे पेशीतल्या बारीक नळ्या, जुळूच देत नसत. हे औषध त्या जुळवतं आणि मग सुटू देत नाही. पेशी तिथेच अडकते. असा रेणू कागदावर आखायचं तेव्हा कुठल्या रसायनशास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं असतं, सांगा ना. 1994 मध्ये त्याचं संपूर्ण संश्लेषण झालं, म्हणजे तो झाडाशिवाय प्रयोगशाळेत बनवला गेला, पण ते इतकं लांबलचक की कारखान्याच्या कामाचं नव्हतं. आजही कच्चा माल यूच्या सुयांसारख्या पानांतून किंवा त्याच्या पेशी टाकीत वाढवून मिळवतात. म्हणजे तुमच्या ‘प्रयोगशाळेत’ झाडच बसलेलं आहे.

कॅम्पटोथेसिन या झाडातूनच मिळालेल्या दुसऱ्या रेणूचीही तीच गत, जरा उलट्या बाजूने. मूळ रेणू पाण्यात विरघळेना. विरघळावा म्हणून त्याचा क्षार केला, तर 1970 च्या दशकातल्या चाचण्यांत मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि त्या थांबवाव्या लागल्या. पुढे रेणूत फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कर्करोगाची औषधं आली. इथे रसायनशास्त्रज्ञांना सलाम, आणि तो मी लेखातही केला होता. वाचलात ना तो भाग?

सदाफुलीबद्दल मी जरा जास्त हळवी आहे आणि त्याला कारण आहे. माझ्या धाकट्या भावाला लहानपणी रक्ताचा कर्करोग झाला होता आणि त्याच्या उपचारात सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन होतं. पाण्यासारखं रंगहीन औषध, आणि त्यावर ठळक सूचना : फक्त शिरेतून, इतर मार्गाने दिल्यास प्राणघातक. काही आठवड्यांनी त्याला शर्टाची बटणं लावता येईनात, पाऊल जमिनीला घासायला लागलं. त्या औषधाचे नसांवर काय परिणाम होतात हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलंय. वनस्पतीतलं म्हणजे निरुपद्रवी असं मी लिहीन, हे तुम्हाला वाटलंच कसं?

मी लिहिलं होतं ते असं. 1950 च्या दशकात नोबल आणि बीअर हे संशोधक मधुमेहासाठी सदाफुली तपासत होते. अर्क तोंडावाटे दिला तर उंदरांच्या साखरेवर विशेष काही परिणाम नाही. तोच टोचला तर उंदीर संसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. तिथून कर्करोगाच्या औषधाचा धागा मिळाला. शेकडो किलो वाळलेल्या पानांमागे ग्रॅमभर व्हिन्क्रिस्टिन, तेही शुद्ध करून, मोजून, शिरेतून. यातून ज्याला काढा उकळावासा वाटेल त्याच्यासाठी मी आणखी काय लिहायचं?

हळद : 2017 च्या आढावा लेखानुसार कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाची, एकही दुहेरी-अंध, प्लासिबो-नियंत्रित चाचणी (खरं औषध कुणाला आणि खोटं कुणाला हे पेशंटला किंवा डॉक्टरला न सांगता घेतलेली) यशस्वी झालेली नाही. लेख यशस्वी औषधांवर होता, म्हणून हळद नव्हती. मौन कसलं त्यात.

पेशंट केमो सोडतात या मुद्द्यावर लेखात एक परिच्छेद आहे, तो पुन्हा उतरवत नाही. पण तुमच्या सुराबद्दल बोलते, कारण तो मला ओळखीचा वाटला. भावाच्या उपचारांत आई कुणाच्या तरी सांगण्यावरून एक चूर्ण देत होती. डॉक्टरांना सांगायची तिची हिंमत झाली नाही, कारण आधी एकदा साधं काही विचारलं तर तिला ‘शिकलेल्या आहात ना?’ ऐकायला मिळालं होतं. सुदैवाने काही बिघडलं नाही. दर वेळी नशीब साथ देतंच असं नाही. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती इरिनोटेकॅनबरोबर घेतली तर औषधाच्या सक्रिय रूपाची रक्तातली पातळी 42 टक्क्यांनी घटलेली 2002 मध्ये आढळली होती. कुणी काय घेतं हे त्याने सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही, आणि ‘भाबडा’ म्हणवून घ्यायला कुणी आपणहून सांगत नाही.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, उडवणारही नाही. पुढची लिहाल तेव्हा आधी लेख वाचा, आणि नावानिशी लिहा. मी माझ्या नावाने लिहिते.