बावीसपैकी एक, आणि तीच माझी हुकली

१७ सप्टेंबर २०२३, रविवार. गणपती दोन दिवसांवर आलेले आणि मी बायको-लेकीबरोबर कसबा पेठेत मूर्ती बघत फिरतोय. इतक्या उशिरा मूर्ती ठरवणारं सोसायटीत आपलं एकच घर, हा टोमणा वाटेत दोनदा ऐकून झालेला. बायकोला शाडूचीच हवी होती, लेकीला मोठा उंदीर असलेली हवी होती, आणि मला कसलीच घाई नव्हती. खरं तर असायला हवी होती. साडेपाचला सिंगापूरची फॉर्म्युला वनची शर्यत सुरू होणार होती, आणि रविवारची सगळी कामं शर्यतीच्या मागेपुढे ढकलण्यासाठी मी घरात बदनाम आहे. पण त्या वर्षी कोण जिंकणार ते ठाऊकच असायचं, मग पळत कशाला जायचं?

२०२३ मध्ये २२ शर्यती झाल्या. २१ रेड बुल संघाने जिंकल्या, त्यातल्या १९ एकट्या मॅक्स व्हर्स्टॅपनने. शनिवारचं क्वालिफायिंग, म्हणजे रविवारी कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणारी फेरी, बघणं मी जुलैतच सोडून दिलं होतं, त्यामुळे सिंगापूरला व्हर्स्टॅपन अकरावा आणि त्याचा रेड बुलचा साथीदार पेरेझ तेरावा सुटणार आहे याचाही मला पत्ता नव्हता. साडेसातला रिक्षात बसल्यावर फोन उघडला. ग्रुपवर मेसेजचा ढीग, वर दोन मिस्ड कॉल. शर्यत फेरारीच्या कार्लोस साइन्झने मारली होती. २२ पैकी जी एकच वेगळी निघाली, ती माझी मूर्तीच्या उंदरात गेली.

तेव्हा निकाल आधीच कळत असेल तर शर्यतीत राहिलं काय, असं कुणी म्हटलं की मी वाद घालत नाही. पण तेच लोक पुढे म्हणतात की निकाल जितका अनपेक्षित तितकी शर्यत भारी, आणि तिथे मला बोलावंसं वाटतं.

आमचा सहा जणांचा कंपू आहे. शर्यतीआधी प्रत्येकाने विजेत्याचं नाव चिठ्ठीवर लिहून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. ज्याचं नाव बरोबर त्याला पुढच्या रविवारची मिसळ फुकट, बाकीच्यांनी बिल वाटून घ्यायचं. हा नियम वर्षानुवर्षं सुरळीत चालला. २०२३ मध्ये सहाही चिठ्ठ्यांवर एकच नाव यायला लागलं, सहाही जणांना मिसळ फुकट, आणि बिल कुणी द्यायचं यावर काउंटरपाशी तमाशा. शेवटी दुसरा कोण येणार ते लिहायचं ठरलं. पहिल्या नंबराची चर्चाच बंद!

याच्या बरोब्बर उलट २०१२. पहिल्या सात शर्यतींत सात वेगळे विजेते. बटन, अलोन्सो, रोझबर्ग, फेटेल, माल्डोनाडो, वेबर, हॅमिल्टन. स्पेनमध्ये विल्यम्स संघाच्या गाडीतून माल्डोनाडो जिंकला तेव्हा आम्ही खुर्चीवरून उठलो होतो. विल्यम्सला २००४ नंतर पहिल्यांदाच विजय मिळत होता, आणि त्या गड्याच्या आयुष्यातला तो एकमेव विजय ठरला. बहुतेक घोळ टायरचा होता. सगळ्यांना टायर पुरवणाऱ्या पिरेलीने मुद्दाम लवकर झिजणारे टायर दिलेले, आणि ते ठरावीक तापमानात आले तरच गाडी पळायची. एकाची गाडी आज उडायची, पुढच्या शर्यतीत तीच गाडी मागे रांगायची. सहावी शर्यत येईपर्यंत आमच्यातला एक जण डोळे मिटून ड्रायव्हरांच्या यादीवर बोट ठेवायला लागला. आम्ही हसलो, पण आमच्या अभ्यासापेक्षा त्याचं बोट काही वाईट ठरत नव्हतं. सातव्या शर्यतीला डब्यात तीनच चिठ्ठ्या होत्या.

म्हणजे कंटाळा दोन्हीकडून येतो. सगळ्यांना निकाल माहीत असला तरी डबा रिकामा, आणि कुणालाच काही सांगता येत नसलं तरी डबा रिकामाच. आम्ही चाहते नुसते बघत नाही हो, आम्ही पैजा मारतो, छातीठोक सांगतो, तोंडावर पडतो, मग आठवडाभर सारवासारव करतो. त्यासाठी पायाखाली काहीतरी घट्ट लागतं.

त्याच २०१२ चा उत्तरार्ध बघा. सिंगापूर, जपान, कोरिया, भारत अशा सलग चार शर्यती फेटेलने जिंकल्या. चित्र बऱ्यापैकी स्पष्ट झालं, आणि गंमत म्हणजे डबा पुन्हा भरायला लागला. कारण आता प्रश्न समजत होता: जेमतेम फेरारी घेऊन अलोन्सो याला किती दिवस धरून ठेवणार? ब्राझीलला शेवटच्या शर्यतीत पहिल्याच लॅपला फेटेलची गाडी धडकेने गर्रकन फिरली आणि उलट्या तोंडाने उभी राहिली. सगळ्यांच्या मागे फेकला गेला, तिथून सहावा आला आणि अलोन्सोच्या तीन गुण पुढे राहून वर्षाचं विजेतेपद राखलं. त्या रात्रीचा थरार सुरुवातीच्या सात शर्यतींत मिळून नव्हता.

दर काही वर्षांनी कुणाला तरी वाटतं की अनिश्चितता बाहेरून ओतता येईल. २०११ मध्ये फॉर्म्युला वनचे तेव्हाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांनी ट्रॅकवर फवारे लावून कृत्रिम पाऊस पाडायची कल्पना मांडली होती. २०१४ मध्ये शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण दिले आणि पुढच्याच वर्षी गुपचूप काढून टाकले. (दहावीच्या भूमितीच्या पेपरला दुप्पट मार्क, अशातली गत.) खरा पाऊस मात्र मला चालतो, नव्हे हवाच. २०२५ मध्ये इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनला पावसात निको हुल्केनबर्ग एकोणिसावा सुटला आणि तिसरा आला, २३९ शर्यतींनंतर पहिल्यांदा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत. पण ती लॉटरी नव्हती. टायर बदलायला कधी आत यायचं, कुठले टायर घालायचे, हे त्याने आणि त्याच्या संघाने बरोबर ओळखलं, मग मागून हॅमिल्टन आला तरी जागा सोडली नाही.

अबू धाबी २०२१ बद्दल न लिहिता ही पोस्ट संपणार नाही, तेव्हा लिहून टाकतो. वर्षाच्या विजेतेपदासाठी हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन दोघांचे ३६९.५ गुण, शेवटची शर्यत, हॅमिल्टन आरामात पुढे. शेवटी शेवटी लतीफी नावाचा ड्रायव्हर भिंतीवर आदळला, सेफ्टी कार आली, म्हणजे सगळ्यांना तिच्या मागे हळू चालावं लागलं. मग एक लॅप मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त या दोघांच्या मधे असलेल्यांना पुढे जाऊ दिलं आणि एका लॅपसाठी शर्यत सोडली. एकाकडे नवे कोरे सॉफ्ट टायर, दुसऱ्याकडे झिजलेले हार्ड. माझ्या चिठ्ठीवर व्हर्स्टॅपन होता. पुढच्या रविवारी मी फुकट मिसळ खाल्ली, पण भांडण असं पेटलं की एक जण पाव अर्धा टाकून उठून गेला आणि मार्चपर्यंत ग्रुपवर परतला नाही. याहून अनपेक्षित शेवट मी पाहिलेला नाही. पण तो ट्रॅकवर घडला नाही, नियम हाताळणाऱ्यांच्या खोलीत घडला. जिंकलेला असूनही मला ते खटकतं.

आता जरा मंचरकडे जाऊ, सासरवाडीला. आमच्या सासऱ्यांना बैलगाडा शर्यतीचं वेड. २०१४ मध्ये बंदी आली तेव्हा खचलेले अण्णा, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाल्यावर पुन्हा टोपी घालून घाटात. आपल्या जिल्ह्यातला प्रकार साताऱ्या-सांगलीसारखा नाही, तिकडे गाड्या शेजारी शेजारी पळतात. इकडे घाटात एका वेळी एकच बारी: चार बैल, पुढे घोडी, आणि घड्याळ. म्हणजे ओव्हरटेकिंग शून्य! भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसं उन्हात बसलेली, भोंग्यावरून निवेदकाचं ‘भिर्रर्र’, धुळीचा लोट, आणि दहा-बारा सेकंदांत सगळं आटोपलेलं. दरवर्षी पहिल्यात येणारी एक बारी होती. मी शहाणपणा केला, ‘अण्णा, हीच पहिली येणार माहितीये, मग लोक थांबलेत कशाला?’

‘अहो पाव्हणं,’ अण्णा घाटाकडेच बघत म्हणाले, ‘ही बारा सेकंदांत येणार हे ठाऊकंय म्हणूनच तर थांबलेत. तेरा लागले तर कुणी बघायला नको?’

१९८८ चं वर्ष असंच आहे. मॅक्लारेनने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. उरलेली इटलीतल्या मोंझाची, फेरारीच्या घरची. फेरारीचे संस्थापक एन्झो फेरारी जाऊन महिनाही झाला नव्हता, पुढे असलेला मॅक्लारेनचा सेन्ना शेवटाजवळ एका मागे पडलेल्या गाडीला धडकून बाहेर गेला आणि मोंझाच्या गर्दीसमोर बर्गर-अल्बोरेटो अशा दोन फेरारी पहिल्या-दुसऱ्या आल्या. त्या वर्षी पाच संघांनी तीन-तीन शर्यती वाटून घेतल्या असत्या तर बर्गरचा तो विजय आज कुणी काढला असता का?

आणि निकाल न हलताही श्वास अडकतो. इटलीतल्या इमोलाची २००५ ची शर्यत. शेवटच्या दहा-बारा लॅप मागे शूमाकर, पुढे अलोन्सो. क्रम एकदाही बदलला नाही. ०.२१५ सेकंदांचा फरक. मी तेव्हा सोफ्याच्या हातावर बसलो होतो, आणि तो हात अजून डुगडुगतो.

तर सिंगापूर. त्या रात्री जेवणं उरकल्यावर, अकराच्या सुमारास, मी पूर्ण शर्यत लावली. निकाल माहीत, कोण कुठे आदळतो तेही माहीत. शेवटच्या लॅप आल्या. साइन्झचे टायर संपलेले, मागे मॅक्लारेनचा नॉरिस, त्याच्या मागे नव्या टायरवर सुसाट आलेल्या रसेल आणि हॅमिल्टनच्या दोन मर्सिडीज. तेव्हाचा नियम असा की पुढच्या गाडीच्या एका सेकंदाच्या आत असलात तर मागचा पंख उघडून जास्त वेग मिळतो. कुणीही पळून गेला असता. साइन्झ मुद्दाम हळू झाला. नॉरिसला त्या एका सेकंदात ठेवलं, म्हणजे नॉरिसला वेग मिळेल आणि तो मर्सिडीजना अडवून धरेल. प्रतिस्पर्ध्याचीच ढाल! ताशी तीनशेच्या आसपास, दोन बाजूंना भिंती, आणि हा आरशात बघून एका सेकंदाचं माप काढतोय. शेवटच्या लॅपला रसेल भिंतीला घासून आदळला तेव्हा मी ओरडलो.

बायको आतून आली. ‘लेक झोपलीये. आणि कोण जिंकलं ते तूच जेवताना सांगितलंस ना? मग ओरडतोयस कशाला?’