लघवी अडल्यावर सराट्याचा काढा? फिरत्या निरोपाचा प्रतिवाद

घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांवर एक निरोप फिरतो आहे. लघवी अडली तर रुग्णालयात जाऊ नका, सराट्याचा काढा घेऊन वर दोन लिटर पाणी प्या. थेंब पडू लागले की मार्ग मोकळा झाला असे समजा. कॅथेटरची, म्हणजे लघवी काढण्यासाठी घातलेल्या नळीची, कायमची सवय लागते, शिवाय नळी घालणे आयुर्वेदात बसत नाही. आणि औषध वनस्पतींचे असल्याने मूत्रपिंडाला अपाय नाही, असे त्यात म्हटले आहे.

सराटे, म्हणजे शेताच्या बांधावर अनवाणी पायात रुततात तेच गोक्षुर, आयुर्वेदात मूत्रल म्हणून मान्य आहेत, याबद्दल वाद नाही. पण मूत्रल औषध लघवी तयार होण्याचे प्रमाण वाढवते, आणि लघवी अडलेल्या माणसाच्या मूत्राशयात ती आधीच गच्च भरलेली असते. वाट बंद असते ती पुढे, बहुधा वाढलेल्या प्रोस्टेटपाशी (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीपाशी) किंवा आकसलेल्या मूत्रमार्गात. अशा वेळी काढा आणि दोन लिटर पाणी देणे म्हणजे मोरी तुंबलेली असताना नळ आणखी मोठा सोडणे होय. एरवी चारशे-पाचशे मिलिलिटरला भरल्यासारखे वाटणारे मूत्राशय अशा रुग्णात लिटरभर किंवा त्याहूनही अधिक ताणले जाते. बेंबीखाली घट्ट फुगवटा हाताला लागतो आणि त्यावर बोटाने ठोकले तर पोकळ नव्हे, बद्द आवाज येतो.

थेंबांबद्दलचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. मूत्राशय काठोकाठ भरले की लघवी आपोआप ठिबकू लागते, आणि घरच्यांना वाटते की काढा लागू पडला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ५८व्या अध्यायात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, १२ प्रकार दिले आहेत. त्यांतील मूत्रजठरात बेंबीखाली तीव्र वेदनेसह पोट फुगते, वाताष्ठीलेत गुद आणि बस्ती (मूत्राशय) यांच्यामध्ये दगडासारखी कठीण गाठ होऊन मल, मूत्र व वायू अडतात, तर मूत्रातीतात वेग, म्हणजे लघवीची घाई, फार वेळ रोखून धरल्याने लघवी पुढे थोडी थोडी, रेंगाळत होते. मूत्रकृच्छ्र, म्हणजे लघवी होते पण त्रासाने, याला ५९वा अध्याय स्वतंत्र दिला आहे. निरोप लिहिणाऱ्याने ही दोन्ही एकाच काढ्यात ढवळली आहेत.

नळी आयुर्वेदात बसत नाही, हे तर ग्रंथ न उघडताच लिहिलेले दिसते. मूत्रमार्गातून औषध देण्याची उत्तरबस्ती नळीनेच द्यायची असते, आणि निरुद्धप्रकशात, म्हणजे शिश्नाच्या टोकाची कातडी आवळून लघवीची वाट अरुंद होते तेव्हा, मार्ग रुंदावण्यासाठी लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी तूप लावून घालावी व दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी वापरावी, असे सुश्रुताने सांगितले आहे. सवयीचे म्हणाल तर प्रोस्टेटमुळे अडलेल्या रुग्णाला नळी घातल्यावर टॅमसुलोसिनसारखी, तिथले स्नायू सैल करणारी गोळी सुरू करतात आणि बहुधा दोन-तीन दिवसांनी नळी काढून लघवी होते का, ते पाहतात. काहींना ती पुन्हा घालावी लागते, पण ती मूळ अडथळा कायम राहिल्यामुळे किंवा अतिताणाने मूत्राशयाचे स्नायू थकल्यामुळे. आणि हा ताण घरी काढा उकळत बसल्याने वाढतोच.

वनस्पतींचे म्हणून निर्धोक, हा युक्तिवाद लघवीच्या तक्रारींवर दिल्या जाणाऱ्या चंद्रप्रभा वटी या आयुर्वेदिक गोळीवर तपासून पाहावा. तिच्यात लोहभस्म आणि माक्षिकभस्म ही धातू-खनिजांची भस्मे असतात, तसाच यवक्षार, म्हणजे जवाच्या राखेपासून काढलेला क्षारही असतो, आणि यवक्षारात पोटॅशियम असते. लघवी तुंबून मूत्रपिंडावर दाब आला की रक्तातले पोटॅशियम आधीच वाढू शकते. त्यात अशा औषधांची भर शेजाऱ्याच्या सल्ल्याने घालणे धोक्याचे आहे.

आयुर्वेदाला इथे जागा आहे, पण ती मार्ग मोकळा झाल्यानंतरची. मलावरोध दूर करणे, वेग न रोखणे, धार बारीक झाल्याची तक्रार असल्यास तपासणीनंतर वैद्याच्या देखरेखीखाली वायवर्णा (वरुण ही वनस्पती) किंवा गोक्षुरादि गुग्गुळ घेऊन पाहणे, हे समजण्यासारखे आहे. मात्र मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्यांचा आधार त्याला अद्याप तुटपुंजा आहे. सर्दीच्या काही गोळ्यांनीही वयस्कर पुरुषांची लघवी अडते, हे वैद्याने आणि डॉक्टरने दोघांनीही विचारायला हवे. आणि लघवी अडण्याबरोबर पाय लुळे पडले किंवा बसण्याच्या जागेची संवेदना गेली, तर दोष मणक्यातल्या मज्जातंतूंवरील दाबाचा असू शकतो. तिथे तासातासाला महत्त्व असते.