वल्हं एकाच्या हातात, लेखणी दुसऱ्याच्या

रोइंगच्या इतिहासाबद्दल एक मजकूर वरचेवर फिरत असतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, सार तेच. हा खेळ 1829 मध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पोरांनी सुरू केला. कष्टकऱ्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता, अपवाद काय तो एका गवंड्याचा. बायका 1976 मध्ये आल्या. लेखक-बिखक या खेळाला लाभले नाहीत. आणि लक्षात ठेवण्याजोगी नावं विजेत्यांच्या यादीत आहेतच, आणखी काय शोधायचं? आत्मविश्वास दांडगा आहे. मजकूर मात्र पाण्यात टिकत नाही.

1829 चं आधी बघू. 10 जूनला थेम्सकाठच्या हेन्ले गावाजवळ दोन्ही विद्यापीठांची शर्यत झाली आणि ऑक्सफर्ड जिंकलं, हे खरं. पण तेव्हा थेम्सवर दुसऱ्या एका शर्यतीला 114 वर्षं होऊन गेली होती. टॉमस डॉगेट नावाच्या आयरिश विनोदी नटानं 1715 मध्ये ती सुरू केली, पहिल्या जॉर्जच्या राज्यारोहणाच्या वाढदिवसानिमित्त. उतरायचे कोण? नुकती उमेदवारी संपवलेले सहा नावाडी. लंडन ब्रिज ते चेल्सी, साधारण साडेसात किलोमीटर, तेही सुरुवातीच्या काळात ओहोटीच्या उलट आणि उतारू वाहायच्या जड होड्यांतून. बक्षीस म्हणजे एक डगला आणि दंडावर मिरवायचा चांदीचा बिल्ला. त्या वेळी लंडन शहरात थेम्सवर पूल एकच. बाकी सगळी ये-जा नावाड्यांच्या जिवावर. वेगानं वल्हवता येणं हा त्यांचा छंद नव्हता, पोट होतं. ती शर्यत आजही होते.

आता कष्टकऱ्यांचा मुद्दा. माझ्या मते सगळ्या मजकुरात दिशाभूल करणारा हाच.

एकोणिसाव्या शतकात हजारोंची गर्दी खेचणारे वल्हेकरी पैशासाठी वल्हवत. उत्तर इंग्लंडमधल्या टाइन नदीवरचा हॅरी क्लॅस्पर पोरवयात कोळशाच्या खाणीत काम केलेला. पुढे तो स्वतः नावा बांधू लागला. वल्ह्याचा टेकू नावेच्या काठावर न ठेवता बाहेर काढलेल्या लोखंडी दांड्यांवर बसवायची पद्धत रुळली, त्यात त्याचा मोठा वाटा. तशी नाव अरुंद करता येते आणि वल्ह्याला तरफही पुरेशी मिळते. 1870 मध्ये तो गेला तेव्हा न्यूकॅसलमध्ये अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी लाखाच्या घरात होती असं त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी छापलं. शवपेटी नदीवाटे नेली. दुसऱ्याच वर्षी त्याच नदीवरचा, लोहारकामातून आलेला जेम्स रेनफर्थ कॅनडात शर्यत चालू असतानाच कोसळला आणि मेला. तिथल्या गावाला त्याचं नाव आहे. टोरांटोचा नेड हॅन्लन 1880 ते 1884 सिंगल स्कलचा, म्हणजे एकट्यानं दोन वल्ह्यांनी मारायच्या शर्यतीचा, जगज्जेता होता. सरकत्या आसनाचा पुरता फायदा कसा घ्यायचा हे त्यानं दाखवलं, आणि जिंकत आलेल्या शर्यतीत मधेच थांबून काठावरच्या लोकांना हात करायचा. प्रतिस्पर्ध्याला ते किती झोंबत असेल!

मग ही मंडळी इतिहासातून गेली कुठे? त्यांना नियमानं बाहेर काढलं. 1879 मध्ये हेन्लेनं, म्हणजे तिथल्या नामांकित शर्यतींच्या आयोजकांनी, हौशी खेळाडूची व्याख्या केली आणि तीत कारागीर, यंत्रकामगार, मजूर यांना मज्जाव केला. बक्षिसाचे पैसे घेतले असोत वा नसोत, मजुरी करून पोट भरतो एवढं कारण पुरे. 1882 मध्ये स्थापन झालेल्या इंग्लंडच्या रोइंग संघटनेनंही तीच री ओढली. तेव्हा ‘संबंध नव्हता’ म्हणणं म्हणजे दार लावून घ्यायचं आणि वर कुणी आलंच नाही म्हणायचं.

आणि तो ‘एकच गवंडी’. फिलाडेल्फियाच्या जॉन केलीला 1920 मध्ये हेन्लेनं नाकारलं. त्यानं त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डला एका सेकंदानं हरवलं आणि अर्ध्या तासाच्या आत चुलतभावाबरोबर जोडीचं सुवर्णही घेतलं. गोष्ट झकास आहे, म्हणूनच ती सांगताना निम्मी गळते. हेन्लेच्या इतिवृत्तात कारणं दोन आहेत. पहिलं, केलीच्या व्हेस्पर क्लबची प्रवेशिका घ्यायची नाही असा 1906 चा ठराव. क्लबच्या 1905 च्या चमूला लोकवर्गणीतून पैसे मिळाल्याचा राग त्यामागे होता. मजुरीचा नियम दुसरा. केलीची बाजू घेताना आपणही सोयीचं तेवढंच सांगू नये, म्हणून हे लिहिलं.

शिवाय तो एकटा नव्हता. ऑस्ट्रेलियाचा बॉबी पिअर्स सुतार होता म्हणून 1928 मध्ये त्याला हेन्लेचं दार बंद. हा तोच पिअर्स, ज्यानं त्या वर्षी ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकच्या शर्यतीत पुढून बदकांची रांग चालली म्हणून वल्हं थांबवलं, ती जाऊ दिली आणि तरीही जिंकला. पुढे कॅनडात व्हिस्कीचा विक्रेता झाला, आणि 1931 मध्ये हेन्लेनं त्याला आत घेतलं. तिथे तो जिंकलाही. सुतारकाम चालत नव्हतं, व्हिस्की विकलेली चालत होती. 1936 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आठ जणांच्या ऑलिंपिक चमूतल्या पोलिसांनाही नाकारल्यावर ओरड झाली आणि 1937 मध्ये तो नियम गेला.

बायकांबद्दल थोडक्यात. 1976 हे ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या रोइंगचं पहिलं वर्ष, बस्स. कॉर्नवॉलमधल्या सॉल्टॅशची ॲन ग्लॅनव्हिल, चौदा लेकरांची आई, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बायकांचा चमू घेऊन शर्यती मारत होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुली 1927 मध्ये नदीत उतरल्या, पण दोन्ही नावा एकाच वेळी नाहीत! वेळ आणि ढब पाहून निकाल. 1976 चाच हिशेब करायचा तर त्या वर्षीच्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मुलींनी काय केलं तेही सांगावं. सरावानंतर मुलांना आंघोळीला गरम पाणी, मुली ओल्या अंगानं बसमध्ये थांबलेल्या. क्रिस अर्न्स्टसह एकोणीस जणी अधिकाऱ्याच्या कचेरीत गेल्या आणि कपडे उतरवून उभ्या राहिल्या. समानतेच्या कायद्याचं कलम अंगावर रंगवलेलं होतं. अर्न्स्ट पुढे जगज्जेती झाली, आणि व्यवसायानं प्लंबर.

राहिले लेखक. सतराव्या शतकातला जॉन टेलर थेम्सवरचा परवानाधारक नावाडी होता आणि दीडशेच्या आसपास पुस्तकं-पुस्तिका त्याच्या नावावर आहेत. नाटकगृहं दक्षिण काठावरून हलली तर आमची गिऱ्हाइकं जातील, हा नावाड्यांचा अर्ज घेऊन दरबारी जाणारा तोच. एकदा तर तपकिरी कागदाच्या होडीत बसून, वेताला बांधलेले सुके मासे वल्ह्यांसारखे मारत लंडनहून केंटला निघाला. कागद अर्थातच भिजला. बैलांच्या फुगवलेल्या मूत्राशयांनी तारलं. त्यावर त्यानं कविता केली.

फ्रेडरिक फर्निव्हल हा ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या सुरुवातीच्या संपादकांपैकी. मजुरांना वगळणाऱ्या व्याख्येशी भांडला, आणि 1896 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, हॅमरस्मिथला मुलींसाठी स्कलिंग क्लब काढला.

माझं आवडतं प्रकरण 1868 च्या हेन्लेचं. ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजच्या वुडगेटला वाटलं, चौघांच्या नावेत सुकाणू धरायला पाचवा हवा कशाला? शर्यत सुटली आणि ठरल्याप्रमाणे कॉक्सनं, म्हणजे त्या सुकाणूवाल्यानं, पाण्यात उडी टाकली. बिचारा पाणकमळांच्या वेलांत गुरफटत होता. हलकी झालेली नाव आरामात जिंकली आणि बाद झाली. पण पाचच वर्षांत हेन्लेची तीच चौघांची शर्यत बिनकॉक्सची झाली. वुडगेटनं पुढे रोइंगवर जाडजूड पुस्तक लिहिलं. उडी मारणारा पोरगा होता फ्रेड वेदर्ली, आणि ‘डॅनी बॉय’ या गाण्याचे शब्द त्याचे.

शेवटचा मुद्दा, यादीचा. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रांट आणि क्लाइन या डच जोडीला प्राथमिक फेरीत कळलं की आपला साठ किलोचा कॉक्स जड पडतोय. फ्रेंच जोड्यांनी पोरं बसवली होती. यांनीही अंतिम फेरीआधी काठावरचा एक मुलगा नावेत घेतला आणि फ्रेंच नावेला निसटतं मागे टाकलं. शर्यतीनंतरचा फोटो आहे. दोघे दणकट गडी, आणि त्यांच्यामध्ये तो पोरगा. विजेत्यांच्या यादीत त्याच्या जागी लिहिलंय, ‘अज्ञात’.