‘खंड अपूर्ण निघाला’ या तक्रारीला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय मी दोनदा वाचला. ‘द थिऑसॉफिस्ट’ या गूढविद्येवरच्या जुन्या इंग्रजी मासिकाचा तिसरा खंड, ऑक्टोबर १८८१ ते सप्टेंबर १८८२, तुम्ही आमच्या म्हापशाच्या दुकानातून १२,००० रुपयांना नेलात. तुमचं म्हणणं असं की पानांचे आकडे मध्येच पुन्हा एकपासून सुरू होतात, मुखपृष्ठं गायब आहेत, पान उलटलं की कडेचे तुकडे पडतात आणि घरभर उग्र वास सुटलाय. शिवाय नेटवर फुकट मिळणाऱ्या भोंदूगिरीच्या रद्दीला एवढे पैसे घेणं ही लूट आहे, असंही तुम्ही लिहिलंत.

आधी माझी चूक सांगते. फोनवर तुम्ही ‘खंड पूर्ण आहे ना?’ असं स्पष्ट विचारलंत आणि मी ‘हो’ म्हटलं. बारा अंक मी मोजले होते, पुरवण्या मोजल्या नव्हत्या. काल विक्रीआधीचे फोटो काढून पान-पान बघत बसले, तेव्हा दोन महिन्यांच्या पुरवण्या त्यात नाहीत हे लक्षात आलं. पूर्ण नसलेल्या खंडाला मी पूर्ण म्हटलं. तुमचा राग रास्त आहे आणि मी तुमची माफी मागते.

आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात, तो मात्र दोष नाही. मुख्य अंकाच्या पानांना वर्षभर सलग आकडे असत आणि पुरवणीचे आकडे दर महिन्याला नव्याने सुरू होत. वर्ष संपलं की वाचक सगळे अंक बाइंडरकडे देई. बाइंडर मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं बहुतेक वेळा काढून टाकी. पुरवण्या तो कधी अंकामागे शिवी, कधी खंडाच्या शेवटी, आणि कधी फेकूनही देई. मुखपृष्ठासकट सुटे अंक म्हणूनच क्वचित हाती लागतात आणि त्यांचा भाव निराळा असतो. तुमच्याकडून घेतले ते बाइंड केलेल्या प्रतीचे पैसे.

आता एक विनंती. जुलै १८८२ ची पुरवणी तुमच्या प्रतीत आहे, ती एकदा शांतपणे वाचा. हे मासिक ऑक्टोबर १८७९ मध्ये मुंबईत गिरगाव बॅक रोडवरून सुरू झालं, तेव्हा ते काढणारी थिऑसॉफिकल सोसायटी, म्हणजे धर्म आणि गूढविद्या यांचा अभ्यास करणारी संस्था, आणि स्वामी दयानंदांचा आर्य समाज एकमेकांच्या हातात हात घालून चालले होते. पहिल्याच अंकात स्वामी दयानंद सरस्वतींचं आत्मकथन आहे. १८८२ मध्ये स्वामींनी जाहीरपणे फारकत घेतली आणि या जुलैच्या पुरवणीत त्यांच्या आरोपांना उत्तर छापलं गेलं. नंतरच्या पुस्तकांत हे भांडण दोन ओळींत आटोपतं, पण इथे ते ऐन रंगात असताना, दोन रकान्यांत, बारीक टाइपात छापलेलं आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोसायटीचं बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हललं. म्हणजे पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत मुंबईतून निघालेला हा अखेरचा खंड. मी त्याला जपत होते ते यासाठी.

भोंदूगिरीचा शब्द मला लागला. आम्ही गंडे-ताईत विकत नाही. सोसायटीच्या एक संस्थापक आणि या मासिकाच्या संपादक ब्लाव्हाट्स्कीबाईंचे चमत्कार बनावट असल्याचा अहवाल लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने १८८५ मध्ये छापला, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगते. त्या काळी शिकलेली माणसं मेस्मेरिझम (एक प्रकारची संमोहनविद्या), परलोकविद्या आणि योग यांवर काय वाद घालत होती, ते महिन्या-महिन्याने कळतं ते अशा मासिकांतूनच.

नेटवर फुकट आहे, हे खरंच आहे. गूढविद्येची आणि परलोकविद्येची जुनी नियतकालिकं जपणाऱ्या ‘आयएपीएसओपी’ या संस्थेच्या संग्रहात हजारो अंक मोफत वाचता येतात, आणि नुसतं वाचायचं असेल त्याला मी तिकडेच पाठवते. पण तुमच्या प्रतीत डाव्या समासात पेन्सिलीने लिहिलेली मोडीतली टिपणं आहेत. कोणा मराठी वाचकाने एके ठिकाणी रेघ इतकी जोरात ओढलीय की मागच्या पानावर वळ उठलाय. स्कॅन दुसऱ्याच कुणाच्या प्रतीचं असतं, त्यात हा माणूस सापडणार नाही.

वास वेखंडाचा आहे. गोव्याच्या पावसात भिंती पाझरतात, कसर लागते, म्हणून प्रत्येक कपाटात कापडी पुरचुंडीत वेखंड ठेवते. डांबरगोळ्या मी वापरत नाही. खंड सावलीत, पंख्याखाली दोन दिवस उघडा ठेवलात तर वास जाईल. कडा मात्र आता तशाच राहणार. त्या कागदातलं आम्लच त्याला आतून खातं. हे मला विकताना बोलून दाखवायला हवं होतं.

खंड परत करायचा असेल तर पूर्ण रक्कम देईन, कुरिअर माझ्या खर्चाने. ठेवायचा असेल तर ३,००० रुपये परत पाठवते, आणि त्या दोन पुरवण्या कधी हाती लागल्या तर त्या तुमच्या, पैसे न घेता. पुढच्या प्रत्येक खंडासोबत काय आहे आणि काय नाही याची हाताने लिहिलेली चिठ्ठी असेल. या आठवड्यापासून ते सुरू केलं.

तुम्ही काहीही ठरवा, सुटलेल्या तुकड्यांना चिकटपट्टी तेवढी लावू नका. एका पाकिटात घालून ठेवा. म्हापशाला आलात की जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ घेऊन मी ते तुमच्यासमोर बसवून देईन.