‘आधी पैसे भरा, मग क्लेम करा’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. बचत गटाच्या ग्रुपवर आला, नातेवाइकांच्या ग्रुपवर आला, आणि काल गल्लीतल्या रिक्षावाल्या दादांनी मोबाइल पुढे करून विचारलं, “ताई, हे खरं का?” मजकूर थोडक्यात असा: ‘सरकारच्या पाच लाखांच्या आरोग्य विम्याच्या नादी लागू नका. तो फक्त पिवळ्या-केशरी रेशनकार्डवाल्यांना. आधीपासूनचा आजार चालत नाही, म्हाताऱ्यांना घेत नाहीत. दवाखान्यात आधी सगळे पैसे भरायचे, मग बिलं लावून क्लेम करायचा, आणि तो कधीच येत नाही.’

शेवटचं वाक्य सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तेच घेते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या महाराष्ट्रात एकत्र चालणाऱ्या योजना पूर्ण कॅशलेस आहेत. पैसे भरून नंतर परतावा घ्यायचा, अशी त्यांची पद्धतच नाही. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. तिथे रेशनकार्ड आणि आधार दाखवायचं, ओळख पटली की दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागतो, आणि उपचाराचे ठरलेले पैसे योजनेकडून थेट दवाखान्याला जातात. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेता येते, कागद मागाहून देता येतात.

हा मेसेज खरा मानला तर काय होतं, ते मी पाहिलंय. आमच्या ओळखीच्या एक मावशी धुण्याभांड्याची कामं करतात. पावसाळ्यात त्यांच्या यजमानांना हार्ट अटॅक आला. एका खाजगी दवाखान्यात अँजिओप्लास्टी झाली. मावशींनी मंगळसूत्र गहाण टाकून आणि दोन घरांतून उचल घेऊन पैसे भरले. कारण ‘आधी भरायचे असतात’ असं त्यांनी ऐकलं होतं. महिन्याभराने माझ्याकडे आल्या त्या मेडिकलच्या पिवळ्या पिशवीत सगळी बिलं घेऊन, तारखेप्रमाणे लावलेली, एकही चुरगळलेलं नाही. “आता क्लेम कुठे करायचा?” त्यांना उत्तर देणं मला फार जड गेलं. तो दवाखाना योजनेत होता. आरोग्यमित्राचं टेबल औषधांच्या दुकानाशेजारीच होतं. मावशी रोज त्याच्यासमोरून औषधं आणायला जात होत्या. त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

आता रेशनकार्डाचं. ही चूक जुन्या नियमांतून आलीय. 2 जुलै 2012 ला ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 मध्ये राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला महात्मा फुलेंचं नाव मिळालं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं आणि पांढरं कार्ड बहुतेक ठिकाणी बाहेर होतं. जुलै 2023 मध्ये शासन निर्णय झाला, आणि 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डासकट सगळी रेशनकार्डधारक कुटुंबं योजनेत आली, मर्यादाही पाच लाख झाली. पांढरं कार्ड आहे म्हणून टेबलापाशी न जाता परत फिरलेली माणसं मला अजून भेटतात.

पाच लाख माणशी, असाही या मेसेजचा एक अवतार आहे. तसं नाही. वर्षाला अख्ख्या कुटुंबाला मिळून पाच लाख. घरातला कुणी एकजण सगळे वापरू शकतो, किंवा चौघांत मिळून वापरता येतात.

आधीपासूनचा आजार चालत नाही, हे खाजगी विम्याच्या अनुभवावरून कुणीतरी चिकटवलेलं दिसतं. तिथे काही आजारांसाठी ठरावीक काळ थांबावं लागतं. इथे पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. डायलिसिस, केमोथेरपी, हृदयाच्या शस्त्रक्रिया या तर योजनेच्या कण्यासारख्या आहेत.

म्हाताऱ्या माणसांबद्दलचं विधान पूर्ण उलटं आहे. वयाची अट आधीही नव्हती. शिवाय 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, मग उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर सत्तरीपुढच्यांना वेगळे पाच लाख मिळतात. ते त्यांनी घरातल्या तरुणांबरोबर वाटून घ्यायचे नाहीत. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं.

हप्ता? कुटुंबाला एक रुपयाही नाही. कार्ड काढून देतो म्हणून कुणी पाचशे-हजार मागत असेल तर देऊ नका.

मेसेज लिहिणाऱ्याला कदाचित कुठेतरी खरंच फटका बसला असेल, आणि तो राग मी खोटा म्हणणार नाही. ओपीडीच्या तपासण्या आणि रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या यात येत नाहीत, आणि कमी उत्पन्नाच्या घराचा बराच पैसा तिथेच जातो. दवाखाना योजनेत असला तरी सगळ्याच विभागांसाठी असेल असं नाही. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत. काही ठिकाणी ‘वरचे पैसे’ मागतात. मंजूर पॅकेजमधल्या, म्हणजे योजनेने ठरवून दिलेल्या खर्चात बसणाऱ्या, उपचारासाठी असे पैसे मागणं नियमाविरुद्ध आहे. तिथल्या तिथे 155388 किंवा 14555 वर तक्रार करा, डिस्चार्ज होईपर्यंत थांबू नका. आणि खरा अडथळा बहुतेक वेळा कागदाचा असतो. रेशनकार्डावर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’. नव्या सुनेचं नाव कार्डावर चढवलेलंच नाही. हे तब्येत ठणठणीत असतानाच करून घ्यायचं काम आहे. आयसीयूच्या दाराशी उभं राहून ते होत नाही.

मावशींच्या यजमानांना तीन महिन्यांनी दुसरा स्टेंट टाकायचा होता. या खेपेला आम्ही आधी टेबलापाशी गेलो. भांडी घासून घासून मावशींच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन काही ते घेईना. यजमानांचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला होता, पण ते सिमकार्ड पुतण्याच्या फोनमध्ये होतं. त्याला कामावरून बोलावलं, तो आला, ओटीपी आला, आणि काम झालं. मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

या पॅकेजमध्ये रुग्णाचं जेवण आणि घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंसुद्धा धरलेलं असतं. डिस्चार्जच्या दिवशी आरोग्यमित्र म्हणाला, “मावशी, गाडीभाड्याचं राहिलंय.” आपल्याकडेच मागतायत असं वाटून मावशींनी कनवटीचे पैसे काढले, आणि तो म्हणाला, “अहो मावशी, तुम्ही नाही, तुम्हाला द्यायचेत.”