वेन फाइंडरचं कौतुक जरा सबुरीनं

हातावर शिरांचं हिरवं जाळं उमटवणाऱ्या 'वेन फाइंडर' या उपकरणाचा व्हिडिओ सध्या जोरात फिरतोय. सोबतचा मजकूर असा: 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीमुळे शिरा एक्स-रेसारख्या दिसतात, सुई पहिल्याच फटक्यात शिरेत जाते, नर्सचा अनुभव आता लागणारच नाही.'

'एक्स-रेसारख्या' हे तर सरळ चूक. इथे क्ष-किरण नसतातच. वापरतात तो निअर-इन्फ्रारेड प्रकाश, साधारण ७०० ते १००० नॅनोमीटरचा. शिरेतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन तो आजूबाजूच्या ऊतींपेक्षा जास्त शोषतं, म्हणून कॅमेऱ्याला शीर काळपट दिसते आणि तेच चित्र दृश्य प्रकाशात त्वचेवर पाडलं जातं; इथली 'ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी' ती एवढीच. पोहोच फार तर एखाद्या सेंटिमीटरची. त्यामुळे चरबीखाली दडलेली खोल शीर, म्हणजे जिच्यासाठी खरी मारामार होते तीच, बहुधा दिसत नाही.

'पहिल्याच फटक्यात' हा दावा जास्त घातक, कारण तो पटण्यासारखा आहे. त्वचेवरचं चित्र सपाट असतं, नकाशावरच्या नदीसारखं: वाट कळते, खोली कळत नाही. उपकरण तिरकं धरलं तर रेषा खऱ्या शिरेपासून सरकते, आणि शीर असते जेमतेम काही मिलिमीटर रुंद. शिवाय सुईखालून निसटणारी, 'पळणारी' शीर चित्र दिसलं म्हणून पळायची थांबत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, शीर सापडणं अवघड जाईल असं वाटणाऱ्या मुलांवर अनुभवी परिचारिकांनी व्हेनव्ह्यूअर नावाचं असंच एक उपकरण वापरून पाहिलं. पहिल्या प्रयत्नातलं यश वाढलं नाही, उलट घटलं. त्यानं सगळी उपकरणं बाद होत नाहीत (इतर अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत), पण 'पहिल्याच फटक्यात' ही हमी मात्र बाद होते.

राहिला अनुभव. शीर दाबल्यावर लवचीकपणे वर येते की दोरीसारखी कडक लागते, हे बोटालाच कळतं. गुठळी झालेली शीरही चित्रात छान दिसू शकते. सुईचा कोन किती, रक्त दिसल्यावर कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) किती पुढे सरकवायची, हे प्रोजेक्टर सांगत नाही.

म्हणून उपकरण निरुपयोगी ठरतं का? मुळीच नाही. शीर कुठे फाटे फोडते, सरळ तुकडा कुठला, हे पटकन दिसतं. या प्रकाशाला त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिनचा अडथळा बराच कमी होतो, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वरच्या शिरा सावळ्या त्वचेतही दिसतात. शिकाऊ हातांना हा आधार मोठा आहे.

खोल शिरेसाठी मात्र अल्ट्रासाउंडच बरं. त्यात खोली दिसते आणि सुईही, अर्थात तेही शिकावं लागतं. टोचणाऱ्या एकाच व्यक्तीचे दोन प्रयत्न फसले, तर तिसऱ्यांदा टोचू न देता जास्त अनुभवी व्यक्तीला बोलवायला किंवा अल्ट्रासाउंड वापरायला सांगा. वेन फाइंडर आहे का, हे त्यानंतर विचारलं तरी चालेल.